मावशीनं नको म्हटलेली पुस्तकं

पुस्तकांचं दुकान, लडलो गाव, इंग्लंड

तीर्थरूप मिल्ड्रेड मावशीस,

क्लेमंटचा साष्टांग नमस्कार (म्हणजे पाठ धरलेली असताना जेवढं वाकता येतं तेवढा). तुझा गुडघा काय म्हणतोय? गूजबेरीचा जॅम पोचला आणि संपलासुद्धा.

पत्राचं कारण, आभार. प्रकाशकानं माझी विनोदी कादंबरी "यात हसायचं कुठे?" असं विचारून परत पाठवली होती. उन्हाळ्यापर्यंत ती हसरी झाली नाही, तर माझ्या लेखनाला कायमचा रामराम! म्हणून तू इथे राहायला येऊन माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलीस आणि मी वर विनोद करायला गेलो. वर मी रडकुंडीला आलेलो, आणि खाली, ज्या दुकानात लोक खोकल्याचीही माफी मागतात, तिथे खदखदा हसणं चाललेलं. मी जिन्यात येऊन बसलो. बघतो तर काय, तू पुस्तकं विकतच नव्हतीस! पाद्रीबुवांनी प्रवचनांचा संग्रह उचलला, तर म्हणालीस, "ठेवा तो. तुमचं गेल्या रविवारचंच अजून पचलेलं नाही." कर्नलसाहेबांच्या पत्नीनं बागकामाचं पुस्तक मागितलं, तर "अहो, वाचून तण निघत नाही. वाका जरा!" (बाई खरंच वाकल्या. उठवायला पाद्रीबुवा लागले.) मला वाटलं, बुडालं दुकान. पण दुसऱ्या दिवशी हीच मंडळी मित्रमैत्रिणींना घेऊन हजर, बोलणी खायला! आणि आपल्या गावात दुकानातून रिकाम्या हातानं निघणं म्हणजे असभ्यपणा, त्यामुळे जाताना तू नको म्हटलेलीच पुस्तकं "माफ करा हं" म्हणत घेऊन गेली.

मी जिन्यात बसून सगळं उतरवून घेतलं आणि कादंबरीत घातलं. प्रकाशकानं ती घेतली, मावशी! लिहितो, "गल्ल्यावरची बाई तेवढी जिवंत आहे, बाकीच्यांना मूठमाती द्या." तुझ्यामुळे मी लेखक राहिलो. हे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

तुझा,
क्लेमंट

ता. क. घाबरू नकोस, तुला कुणी ओळखणार नाही. कादंबरीत ती आत्या आहे.

ता. क. प्रकाशकाला दुसरी कादंबरी हवी आहे. मी रोज जिन्यात बसतो. गल्ल्यावर आता एक अतिशय सभ्य गृहस्थ ठेवलेत, त्यामुळे कानावर काहीच पडत नाही. वरची तुझी खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. कादंबरी गेली चुलीत. तू परत गेल्यापासून "क्लेमी, शर्ट बदल" असं मला कुणी म्हणालेलं नाही. आज रविवार. तोच शर्ट घालून एकटा जेवलो. ये ना.