नोंदीत नसलेलं वाक्य

प्रिय बोरू,

गोदामाच्या आगीच्या खटल्यातल्या त्या हमालाची मुलगी परवा माझ्या दारात उभी राहिली, म्हणून हे लिहिते आहे. एरवी पत्रं लिहिण्याचा माझा स्वभाव नाही, हे तुला ठाऊक आहे.

मुलगी म्हणजे आता साठीची बाई. बस म्हटलं तरी उभीच. बापावरचा आग लावल्याचा डाग पुसावा म्हणून तिने कोर्टात अर्ज केला आहे. खटल्याची सगळी नोंद वाचून काढली, मग त्यावर तू लिहिलेला चित्रपट पुन्हा पाहिला आणि मला सरळ विचारलं, “बाई, माझे बाबा तुरुंगाच्या जाळीआडून दर भेटीत जे सांगायचे, ते नोंदीत कुठेच नाही. मग सिनेमातल्या वकिलाला कसं कळलं?”

मी चहा ठेवायला आत गेले. पळाले म्हण हवं तर.

तुझ्या चित्रपटात वकील हजेरीपट मागतो, आग लागली तेव्हा हमाल दुसरीकडे माल उतरवत होता हे उघड होतं आणि थिएटर टाळ्यांनी दणाणतं. खऱ्या कोर्टात त्याचा वकील जांभया देत होता. हमालच उठून म्हणाला, “साहेब, हजेरीपट मागवा. मी मालधक्क्यावर होतो.” न्यायाधीशांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, हे नोंदीत घेऊ नका. माझ्या पेन्सिलीने तोवर घेतलं होतं. टाइप करताना मी ते गाळलं. त्याच्या वस्तीतल्या माणसाने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं, हे तेव्हा कोर्टात सगळ्यांना पाठ होतं. मला, पदवीधर लघुलेखिकेलाही. अपील फेटाळलं गेलं तेव्हा ते वाक्य असलेली वही माझ्या कपाटात होती. अपिलाच्या वकिलाला मी काही बोलले नाही. कँटीनमध्ये तुला सांगितलं. तू तेव्हा बातमीदार. तूही छापलं नाहीस.

पुढे तू त्याचं सोनं केलंस. लोक डोळे पुसत घरी गेले. पडद्यावरचा सुटला, म्हणजे न्याय झाला. आतला त्यानंतर चार वर्षं जिवंत होता. त्याच्यासाठी साधा अर्ज कोणी केला नाही.

ते वाक्य आंघोळ करताना सुचलं, असं तू चाळीस वर्षं सभांतून सांगत आलास. मी ऐकून घेतलं, कारण तुझ्या थापेआड माझंही झाकलं जात होतं.

आता सरकारी वकील म्हणणार, म्हातारीने सिनेमा बघून वहीत ओळ घुसडली. चित्रपटाच्या तीन वर्षं आधी मी ते सांगितलं, याला जगात एकच साक्षीदार आहे. हमालाची मुलगी सोमवारी तुझ्याकडे येईल. तिला आंघोळीची गोष्ट सांगू नकोस.

काल तिच्या हाती दिलं ते असं: लघुलेखनाची वही एक, पानं शहाण्णव, पान एकेचाळीसचा उलगडा माझ्या अक्षरात, सहीसकट, मी ते का गाळलं याचा जबाब, दीड पान, आणि तुझा पत्ता.

तुझीच,
हेडबाई