बाबांच्या घोरण्यावरचा लेख

प्रिय आईस, वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. ब्लॉग का थांबलाय, असं विचारलंस. अगं, मासिकाचं सदर आणि जाहिरातींचा मजकूर लिहूनच जीव मेटाकुटीला येतो. परवा कसंबसं बाबांच्या घोरण्यावर ब्लॉगसाठी लिहिलं, तर संपादक म्हणाले, "आम्हाला द्या की! ब्लॉगवर कशाला फुकट घालवता?" दिलं. छपाईआधी तपासायला आलं, तर बाबा गायब आणि त्यांच्या जागी गादीची जाहिरात! डोकंच फिरलं. लेख परत घेतला. सदरही गेलं. मग लेख होता तसा ब्लॉगवर टाकला.

काळजी करू नकोस, जाहिरातींचं काम आहे अजून. बाबांचा खोकला कमी झाला का? त्यांना लेख मोठ्यानं वाचून दाखव. रागावले तर सावकाश कळव, हसले तर लगेच फोन कर.

तुझी,
तापट लेक