साडूच्या जिभेचा बंदोबस्त

५ मार्च, सकाळी
काल साडूकडे जेवण. जेवणानंतर त्याने भारीतलं डार्क चॉकलेट काढलं. माणूस दातांचा डॉक्टर. दिवसा लोकांच्या दाढा उपटतो, संध्याकाळी पाहुण्यांना चॉकलेट वाटतो. धंद्याची सोय. प्रत्येकाला एकच तुकडा. भयंकर कडू लागला म्हणून मी पाण्याबरोबर गिळला. साडू म्हणाला, "साडूभाऊ, चॉकलेट होतं ते, तापाची गोळी नव्हे." मेहुणी हसली, ते एक वेळ ठीक. पण ही? हिचं तर हसू थांबेना.
सूड घेणार. ठरलं.

८ मार्च
अभ्यास सुरू. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. तुकडा मोडून आवाज ऐकायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवून गप्प बसायचं. चावायचं नाही. मग म्हणे त्यात फळं, लाकूड, तंबाखू, काय काय सापडतं. मला पंच्याऐंशी टक्के कोकोवाल्या चॉकलेटात लोखंडी गेटला मारायचा तांबडा प्रायमर सापडला. रंगाच्या दुकानात मुरलेलं नाक आहे, चुकणार नाही. ही म्हणाली, संत्र्याच्या सालीसारखं लागतंय. बिचारी.

१३ मार्च
प्रगती उत्तम. कडूपणा आता जाणवतच नाही. सोबत चमचाभर साखर घेतो, पण ती तात्पुरती. दुकानात एका गिऱ्हाइकाला हॉलसाठी डार्क कोको शेड सुचवली, तिच्यातले बारकावे समजावले. त्याने पांढरा नेला. लोकांना रुचीच नाही.

१९ मार्च
योजना पक्की. रविवारी साडू-मेहुणीला चहाला बोलावलंय. हिने केकसाठी आणलेली स्वस्तातली चॉकलेटची लादी कपाटात आहे. तिचे तुकडे पंच्याऐंशी टक्केवाल्याच्या सोनेरी कागदात गुंडाळणार. साडू डोळे मिटून वाहवा करेल. मग मी शांतपणे विचारणार, "डॉक्टर, केकचा माल कसा वाटला?" वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. फारच छान जमतंय. अंगावर काटा आला.

२३ मार्च, ते गेल्यावर
साडूने तुकडा जिभेवर ठेवला आणि लगेच म्हणाला, "हे केकचं दिसतंय. कागदांची अदलाबदल झाली का?"
हो म्हणावं तर ती कुणी केली, हा प्रश्न आला. म्हणून म्हटलं, छे, अस्सल आहे, जिभेला जरा वेळ द्या. आधी चेरी, मग धूर, शेवटी जुनं चामडं. बोलत सुटलो. थांबताच येईना. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, हे नुसतं गोड लागतंय." मी म्हटलं, तो गोडपणा नव्हे, परिपक्वता. साडू म्हणाला, "असेलही. आज माझीच जीभ ठिकाणावर नसेल." मला सांभाळून घेत होता. माझ्याच घरात. हे मी कधीही विसरणार नाही.
ही उठली, कपाट उघडून पाहिलं, बंद केलं. मग मी लपवलेला डबा हिनेच शोधून आणला आणि त्यातलं खरं चॉकलेट सगळ्यांना दिलं. स्वतः चाखून म्हणाली, आधी मनुका, मागून ओलं लाकूड. साडू चाट पडला. "ताई, तुम्ही हे कुठे शिकलात?"
"शिकायचं काय त्यात? लागलं ते सांगितलं."
दोघं बराच वेळ बोलत बसले. मी चहाच्या कपबशा उचलल्या.

२४ मार्च
शांत डोक्याने केकची उरलेली लादी चाखली. चेरी आहे. स्पष्ट आहे. म्हणजे जिंकलो मीच, फक्त जाहीर झालं नाही.

२९ मार्च
साडूचा फोन, हिच्यासाठी. त्याच्या ओळखीचा एक जण चॉकलेट बनवतो, त्याला चाखणारी माणसं हवीत. उद्या ताईंना तिकडे घेऊन जातो म्हणाला. मीही येणार, असं मी हिला बजावलं. शत्रूवर जवळून नजर ठेवावी लागते. ही लगेच तयार झाली. "अहो, चलाच. आपलीच गाडी काढू. तिथे पार्किंग नाही, गाडीत कुणीतरी बसायला हवंच होतं."

३० मार्च, दुपारी, गाडीत
ती दोघं वर गेलीत. पुढचा डाव आखायला निवांत वेळ मिळालाय. साडूला यातून
मागचा टेम्पोवाला हॉर्न देतोय. गाडी जरा पुढे घेतो.