एक पॉइंट आठचे रॉकर

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळ.
आजवर मी स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: इंजिनाचा स्टँड (सातशे पौंड पेलतो). तेलाचा पॅन. ॲल्युमिनियमची व्हॉल्व्ह कव्हरं, दोन. एक्झॉस्टचे आठ पाइप, सगळे एकाच लांबीचे (एक नाही, पण तो मागे आहे). नोरीनचं मसाल्याचं शेल्फ. कुणाकडे शिकायला गेलो नाही.
क्रॅबट्रीने स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: चेकवर सही.

काल ड्रॅग रेसच्या ट्रॅकवर (दोन गाड्या, सरळ रस्ता) त्याने मुद्दाम बॉनेट उघडून ठेवलं होतं. आत नवे रोलर रॉकर, सोनेरी. भोवती अकरा माणसं. मी धरून बारा, पण मी फक्त मोजायला गेलो होतो. नोरीन म्हणाली, अय्या, दागिन्यांसारखे दिसतात! लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या तेलाच्या पॅनला ती कधी दागिना म्हणाली नाही.

ठरलं. २७ तारखेला, सीझनच्या शेवटच्या शनिवारी, माझं बिग ब्लॉक इंजिन ट्रॅकवर उतरणार. चारशे चोपन्न घनइंच. सहा वर्षं बांधतोय. रॉकर तेवढे बाकी. क्रॅबट्रीला हरवायचं, तेही नोरीनच्या डोळ्यांदेखत.

मंगळवार, ९ सप्टेंबर.
स्टीलचे की ॲल्युमिनियमचे? स्टीलचे. ॲल्युमिनियम हा भपका आहे.

बुधवार, १० सप्टेंबर.
ॲल्युमिनियमचे. लाल रंगात मिळतात.

गुरुवार, ११ सप्टेंबर.
जेवताना नोरीनला चमचा घेऊन समजावलं. रॉकर म्हणजे सीसॉसारखा लहानसा दांडा. एक टोक वर गेलं की दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. त्या टोकाला चाक असलं की रोलर. १.७ पेक्षा १.८ प्रमाणाचा रॉकर व्हॉल्व्ह जास्त उघडतो. तिने विचारलं, क्रॅबट्रीचे कितीचे? म्हटलं, १.७. म्हणाली, मग झालं तर, तू १.८ च घेणार.
तांत्रिक बाजू तिला पटकन समजते.

सोमवार, १५ सप्टेंबर.
ऑर्व्हिलच्या मशीन शॉपमध्ये गेलो. म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, मर्ल बाळा, व्हॉल्व्ह जास्त खाली येणार, पण खाली पिस्टन राहतो, त्याला विचारलंस का? पिस्टनवर मऊ मातीची चकती ठेव, इंजिन हाताने फिरव, माती किती दबते ते माप. क्रॅबट्रीसुद्धा करून गेला.
शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं.
मी एक्कावन्न वर्षांचा आहे. मातीशी खेळत नाही. अंतराचा हिशेब माझ्या डोक्यात आहे, चार वर्षांपूर्वी केलेला. १.७ धरून केला होता, पण मी नेहमी सढळ हाताने करतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर.
क्रॅबट्री दारात. हातात मातीचा डबा. म्हणे, उरलीय रे, वापर तू, लाजू नकोस. असलं चांगलं वागणं मला सहन होत नाही. नोरीनने त्याला सफरचंदाचा ‘पाय’ खाऊ घातला. दोन तुकडे. तो म्हणाला, वहिनी, असा ॲपल पाय अख्ख्या काउंटीत नाही. हे मी म्हणणारच होतो.
मातीचं नोरीनने बदक केलं. बरं झालंय.

रविवार, २१ सप्टेंबर.
रॉकर बसवले. लाल. दागिनेच. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून चाकाचा उमटलेला पट्टा तपासला. पट्टा मधोमध हवा. मधोमधच आहे, किंचित कडेकडे.
इंजिन हाताने फिरवलं. एका जागी जरासं अडलं. नवं इंजिन घट्ट असायचंच. जोर लावला, सुटलं.

शनिवार, २७ सप्टेंबर. सकाळी ९.
ट्रॅक. पहिली सराव फेरी १२.७१ सेकंद. समोरून वारा होता. झेंडा हलत नव्हता, पण वारा खाली होता.

सकाळी ११.
पहिल्याच फेरीत माझी जोडी क्रॅबट्रीशी. देव आहे.
आमच्याकडे आपण किती सेकंदांत पोचणार ते आधी काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचं. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे ज्याला आपली गाडी कळते तो जिंकतो. क्रॅबट्रीने ११.६२ लिहिलं. नोरीन म्हणाली, तुझे बारा पॉइंट सत्तर आलेत ना, तेच लिही की. त्याच्या अकराशेजारी माझ्या काचेवर बारा? सगळ्या ट्रॅकसमोर?
११.४० लिहिलं. मोठ्या अक्षरांत.

दुपारी १.
क्रॅबट्रीला माझ्या आधी सोडलं. साहजिक आहे, मी वेगवान. निम्म्या ट्रॅकवर इंजिनातून ठक्क आवाज आला, मग बराच धूर. तेल माझ्याच टायरखाली. दोन्ही लेन पाऊण तास बंद. लोक म्हणाले, तेवढ्यात जेवून घेऊ. नोरीन क्रॅबट्रीच्या छत्रीखाली बसली होती. म्हणाली, मर्ल, सावली इथेच आहे रे.
गाडी ओढून घरी कुणी आणली ते लिहीत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर.
इंजिन उघडलं. व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनच्या आरपार. सिलिंडरला वरपासून खालपर्यंत तडा. ऑर्व्हिल येऊन बघून गेला. फक्त म्हणाला, अरेरे. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. माल सदोष होता असं त्याला म्हणायचं असावं.

दुपारी क्रॅबट्री आला. टोपी हातात, ट्रेलर मागे. म्हणाला, वाईट झालं रे मर्ल, खरंच, तुझी सहा वर्षं. मग जरा घुटमळून म्हणाला, ब्लॉकचं काय करणार आहेस? म्हटलं, विचार चालू आहे. तर म्हणे, बायकोला बैठकीच्या खोलीत कॉफीचं टेबल हवंय. ब्लॉक तसाच उभा, वर जाड काच. आणि तुझे ते रॉकर काचेखाली मांडू, लाल रंग आमच्या सोफ्याला अगदी जुळतो.
नोरीन म्हणाली, छान दिसेल.
मी नाही म्हणालो. साडेतीनशे डॉलरला दिला.