रॉस्कोला घेतलं, मला का नाही

प्रिय व्हर्लीन आत्या,

तुझा पुतण्या वेंडेल तुला मनापासून नमस्कार करतो. गुडघा आता जिना चढू देतो का? मांजर ऑपरेशननंतर खायला लागलं का? इकडे नेब्रास्कात सगळे मजेत आहेत, मी सोडून.

आपल्या रॉस्कोला फौजेत घेतलं. काकूने तुला फोन केलाच असेल (चुकून ज्यांना फोन लागला त्यांनाही तिने सांगितलंय). मंगळवारी निघतोय. माझ्या सख्ख्या आईने त्याच्यासाठी पीचचा केक घरी केला; माझ्या वाढदिवसाला दुकानातला होता. बाबांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. मी शाळा पास झालो त्या दिवशी त्यांनी मला गवत कापायचं यंत्र दाखवलं होतं. मी जळतोय असं समजू नकोस, नुसतं सांगतोय.

आता तूच सांग. पाच वर्षांपूर्वी जत्रेत आगीचा जुना बंब पळवून तळ्यात घातला, तो आम्ही दोन चुलतभावांनी मिळून. बालन्यायालयात दोघेही मान खाली घालून उभे होतो. मग एकट्यालाच फौज कशी? मला वाटलं, लबाडाने ते लपवलं असणार. देशाच्या संरक्षणाचा प्रश्न म्हणून मी तेव्हाचं वर्तमानपत्रातलं कात्रण भरती कार्यालयाच्या सार्जंट हॅकेटबाईंना पाठवून दिलं, खाली नाव न घालता. (वाईट केलं, मान्य आहे. तिकीट मात्र झेंड्याचं लावलं होतं.) आणि त्याच आठवड्यात स्वतःही अर्ज भरला. ‘पूर्वी कधी गुन्हा?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. लहानपणीची फाइल मोहोरबंद असते, कोणाला बघता येत नाही, असं वकील म्हणाले होते. मी समजलो, फौजेलासुद्धा.

गुरुवारी बाईंनी बोलावलं. टेबलावर माझा अर्ज आणि शेजारी ते कात्रण. रॉस्कोने म्हणे पहिल्याच भेटीत सगळं आपणहून सांगितलं होतं. कोर्टाचे कागद आणले, भल्या माणसांची तीन पत्रं आणली, आणि वरच्या साहेबांकडून खास सूट मिळेपर्यंत सात महिने वाट पाहिली. कात्रणात तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बंब ढकलतोय. आणि स्टिअरिंगवर, बंबवाल्यांचं हेल्मेट घालून दात काढत बसलाय तो मी. (पाठवण्यापूर्वी फोटो नीट बघायला हवा होता. मी फक्त रॉस्कोकडे बघत होतो.)

“हा कोण?” बाईंनी विचारलं.

“माझ्यासारखा कोणी असेल.”

“पोरा, बंब बुडवल्याची माफी इथे मिळते. आत्ता करतोयस त्याची नाही.” मग म्हणाल्या, “गाडी कोण चालवत होतं, हे मी रॉस्कोलाही विचारलं. म्हणाला, ते ज्याचं त्याने सांगावं.”

नामंजूर झालेला अर्ज घेऊन मी घरी आलो. असा भाऊ असला की माणसाने जगायचं कसं, तूच सांग.

काळजी घे, मांजराला माझ्याकडून कुरवाळ.

तुझा,
वेंडेल

ता. क. – रॉस्को काल आला होता. बाईंनी दाखवलेल्या पाकिटावरचं अक्षर त्याने ओळखलं होतं. रागावलाही नाही. आपल्या ट्रकची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, “मी येईपर्यंत तू वापर. तुला चालवायची हौस आहेच.” मला त्याचा असा राग आला की रात्री जेवलो नाही. (केकही त्यानेच संपवला होता.)

ता. क. २ – सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. सोबत ओळखीच्या, शब्दाला किंमत असलेल्या माणसाचं पत्र लागतं. तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस, आणि त्या दिवशी तळ्याच्या काठावर उभी होतीस. तर एक पत्र लिही. चालवत मी होतो, हे त्यात स्वच्छ लिही. मी चारदा कागद घेऊन बसलो, पण हात चालत नाही. आणि पत्र थेट बाईंनाच पाठव. माझ्या हाती आलं तर मी ते फोडून स्टिअरिंगवर रॉस्कोला बसवीन.