हिरवा गाऊन ठेवून जा

शहीद द्वीप, अंदमान
१२ जानेवारी २०२६

सौ. राजेश्वरीवहिनीस,

मधे सगळा समुद्र आहे, तरी धाकट्या दिराचा वाकून नमस्कार पोचला असं समज. पाकिटात तिळगूळ घालणार होतो, पण इथल्या मुंग्या पाकिटासकट नेतील, म्हणून तोंडीच गोड बोल. आरतीला एक पापा. गोठ्यातल्या टिकलीच्या पाठीवरून माझ्या नावानं हात फिरव, लाथ मारायच्या आत काढून घे. दादाला मात्र हे पत्र लगेच दाखवू नकोस. आधी तू शेवटपर्यंत वाच.

फोनच केला असता. पण मी हॅलो म्हणलो की दादा स्पीकर लावतो आणि गुरांचं आंबोण कालवता कालवता मधेच बोलतो. काही गोष्टी त्यानं तुझ्याकडून ऐकलेल्या बऱ्या.

मागं तू विचारलं होतंस, "भाऊजी, तिथं येणारी माणसं दिवसभर करत्यात तरी काय?" मी तेव्हा नुसता हसलो. आता सांगतो. सायकल चालवतात. बेट एवढंसं आहे, या टोकाहून निघालं की चहाच्या वेळेला त्या टोकाला. तू राहात्याला माहेरी सायकलवर शाळेत जायचीस ना? कर्जतला आलीस आणि दादानं त्याच सायकलला दुधाचे कॅन अडकवले. इथं सायकल भाड्यानं मिळते, मागं कॅन नसतो. दोन्ही अंगाला सुपाऱ्या, केळी, वांग्याचे वाफे. दादा प्रत्येक वाफ्यापाशी उतरून माती बघणार. बघू दे. तू पुढं जा.

ओहोटीला समुद्र मागं सरकतो आणि खडकात पाण्याची डबकी राहतात. आरतीच्या रंगपेटीत नसतील असले रंग लावलेले मासे त्यात अडकतात. पायात बूट हवेत, खडक पाय कापतो. शिंपले बघायचे, पिशवीत भरायचे नाहीत, तिला आत्ताच बजाव. आणि दादाला पाण्यात उतरव. विहिरीत सूर मारणारा गडी आहे, पण इथलं खारं पाणी हातपाय न मारताही माणसाला वर उचलून धरतं. आयुष्यात पहिल्यांदा काही न करता पडलेला दादा मला बघायचाय. म्हणजे, फोटोत. त्याचं पुढं सांगतो.

आधी चावऱ्यांचं. वाळूत चिलटं असतात, बोटावर बसली तरी दिसायची नाहीत. सकाळी उजाडताना आणि दिवस मावळताना ओल्या वाळूवर बसलं की झालं काम. परवा संगमनेरचे विष्णुपंत आणि दमयंतीकाकू मी काम करतो त्या गेस्ट हाऊसवर आले. रिटायर गुरुजी. अर्ध्या चड्डीवर पाण्याच्या कडेला मांडी घालून प्राणायाम.

मी म्हणलं, "काका, उठा, चिलटं फोडून काढतील."

"अरे, प्रवरेच्या काठी वाढलोय मी! मला कोण चावतंय?"

सकाळी पाय बघितले तर सोललेलं मक्याचं कणीस. काकू खोबरेल चोळत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून माझं ऐकलं नाही, तुझं कशाला ऐकतील?" काका खाजवत होते आणि हसतही होते. खाजवायचं नाही, वहिनी, तिथंच लोक फसतात. जखम होते आणि सुट्टी दवाखान्यात जाते. अंगभर बाह्यांचे कपडे, जाडसर खोबरेल, मच्छर पळवायचं मलम, रात्री मच्छरदाणी. वाळूवर नाही, खुर्चीवर बसायचं. आपण गोठ्यात कडुनिंबाचा धूर करतो तसा इथं नारळाच्या शेंड्यांचा करतात. वास वेगळा आहे, पण डोळे तसेच चुरचुरतात. पहिल्या संध्याकाळी मला एकदम आपला गोठाच आठवला.

धुराचंच झालं असेल.

इथं शेजारी एक बंगाली आजी आहे, तिच्या दोन गाई. रोज सकाळी मी तिच्याकडं धार काढायला जातो. कुणी सांगितलं नाही. घरी धारेची वेळ झाली की मी कुठल्या तरी टेम्पोत बसून पसार व्हायचो, हे तुला काय सांगू? आता रोज अंधारात आपोआप जाग येते. आजी मला 'गोपाल' म्हणते. दादाला कळलं तर चार दिवस हसेल.

दिवाळीत दादा फोनवर काय म्हणाला ते तूही ऐकलंस. मी म्हणलं, एकदा समुद्र बघायला या. तर म्हणाला, "लई उड्या मारू नको. आठ दिवस गोठ्यात टिकून दाव, मग बगतो तुझा समुद्र." लग्नानंतर तुम्ही शिर्डीला गेलात ते संध्याकाळच्या धारेला परत. त्यानंतर एक रात्र बाहेर नाही, कारण टिकली तुझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही.

तर आता ऐक. पाकिटात तुम्हा तिघांची तिकिटं आहेत, पुण्याहून, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारची. आधार कार्डांचे फोटो आरतीनं पाठवले, तिला रागावू नकोस, पोरीनं शब्द पाळला. शाळेचं काय, पहिलीत आठ दिवस बुडून कुणी अडाणी राहत नाही, आणि राहिलंच तर मी आहे की जिवंत. मालकानं खोली ठेवलीय. हे पत्र विष्णुपंत संगमनेरहून पोस्टात टाकतील. मी त्या रविवारच्या चार दिवस आधी घरी पोचतो.

तू फक्त धार काढतानाचा हिरवा गाऊन ठेवून जा. धुऊ नकोस! डोक्याला बांधतेस तो टॉवेलपण. रामहरीतात्यानं बायको बाळंतपणाला गेल्यावर तिचं लुगडं गुंडाळून म्हैस पिळली होती. सगळा गाव हसला, पण दूध निघालं ना? मीही गाऊन घालून बसेन. कुणी फोटो काढले तर काढू देत. दादाला म्हणावं, तुझाच शब्द आहे, आता मागं फिरायचं नाही.

आणि आठ दिवस संपल्यावर टिकली मला लाथ मारायची थांबली असेल, तर गाऊन मलाच राहू दे, तू नवीन घे.

तुमची तिकिटं जायची-यायची दोन्ही आहेत, नीट बघून घे. माझं बघू नकोस, ते एकाच बाजूचं आहे.

घरी येणारा,
कल्याण