मंद्रूपच्या काकूंची स्लाइड

२ फेब्रु., सोम.
दिसलं. अखेर दिसलं. गर्भाशयाच्या कॅन्सरच्या गाठींचे मेणात जपलेले जुने ब्लॉक, आजार परत आलेल्या बायकांचे. सगळ्यांत बीटा-कॅटेनिन (यापुढे बी-कॅ., बोटं दुखतात) केंद्रकात, गडद तपकिरी. एरवी हे प्रथिन पेशीच्या कडेला बसून शेजारणीला धरून असतं. इथे आत शिरून 'वाढत राहा' म्हणून निरोप देतंय. ज्यांचा आजार परत आला नाही त्यांच्या स्लाइड शुक्रवारीच रंगवलेल्या, त्यांत केंद्रकं स्वच्छ निळी, म्हणजे बी-कॅ. आत शिरलेलंच नाही. इतका सरळ फरक असेल असं वाटलं नव्हतं. प्रबंध मार्गी लागला म्हणायचा. दोनदा चहा केला, दोन्हीदा साखर विसरले.

३ फेब्रु.
वॉर्डात मंद्रूपच्या महादेवीकाकू भेटल्या. भाचीच्या बाळंतपणाला आलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची पिशवी काढली, अजून सगळं ठीक. प्रबंधासाठी त्यांची सही गेल्या वर्षी मीच घेतली, म्हणून नंबर पाठ. शुक्रवारच्या निळ्यांतली त्यांची स्लाइड.
"बाई, माज्या गाटीचं काय निगालं की?"
तोंडातून निघूनच गेलं, "काकू, लई गुणी निघाली तुमची गाठ."
त्यांनी कानशिलावर बोटं मोडली. मी दिवसभर हवेत.

५ फेब्रु., गुरु.
मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, दाखवलं. बराच वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. मग एकच प्रश्न.
"दोन्ही गट एकाच दिवशी रंगवलेस?"
नाही. मला मेलीला नीटनेटकेपणाची हौस. बरे झालेल्यांचा ट्रे शुक्रवारी, परत आलेल्यांचा सोमवारी. आणि सोमवारी रंगाची नवी बाटली फोडलेली.
"मग हा फरक आजारातला की बाटलीतला?"
शुक्रवारचा रंगच फिका बसला असेल तर काकूंच्या निळ्या स्लाइडला काही अर्थ नाही. त्यांना काय बोलून बसले ते मॅडमना सांगितलं नाही.

७ फेब्रु., शनि.
सगळे ब्लॉक नव्याने कापले, सरमिसळ केली. एक दिवस, एक बाटली. नंबरांवर मॅडमनी चिकटपट्टी लावली, यादी त्यांच्या कपाटात. मी नुसती मोजतेय. पुन्हा तपकिरी केंद्रकं दिसतायत, काही स्लाइडमध्ये अगदी ठसठशीत. कुणाची ते ठाऊक नाही. तरी भारी वाटतंय.

९ फेब्रु., सोम.
यादी उघडली. टिकलं! परत आलेल्या जवळपास सगळ्या तपकिरी. मॅडम चक्क हसल्या, "बस आता लिहायला." लहान पोरीसारखी उडी मारली मी.
बऱ्या झालेल्यांतल्या बहुतेक निळ्या. दोन सोडून. त्यांतली एक काकूंची.
मग मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "हा अभ्यास आहे, रिपोर्ट नव्हे. एका स्लाइडवरून त्यांना घाबरवायचं नाही. पण धीर द्यायलाही तुला कुणी सांगितलं नव्हतं."
काकूंची सहामाही तपासणी आजच होती. ओपीडीत विचारलं. आल्या नाहीत.

१० फेब्रु.
मंद्रूपला फोन. सुनेनं उचलला.
"आत्या रानात गेल्यात. येनार न्हाईत म्हनत्यात. तुमीच म्हनलासा की, गाट गुणी हाय. मग कशाला हेलपाटा?"
म्हटलं, माझं चुकलं, तपासणी चुकवू नका. "बरं, सांगते की," म्हणाली नि ठेवला. तिनं सांगितलं तरी काकू ऐकतील असं वाटत नाही.
संध्याकाळी प्रबंधाचा तक्ता केला. खोटं कशाला बोलू, आनंद मावत नव्हता. तक्त्यात काकूंचा नंबर टाकताना थांबले, मग टाकला.
उद्याची रजा मिळाली. सकाळच्या एसटीनं मंद्रूप. घाबरवायचं नाही आणि घेऊन तर यायचंय. पहिलं वाक्य काय बोलू, तेच अजून सुचलेलं नाही.